कर्ज फिटेनासे झाले म्हणजे कोणास सांगावे?

शेती हा निसर्गाच्या आणि बाजाराच्या लहरीवर चालणारा धंदा आहे. पाऊस उशिरा आला, ऐन फुलोऱ्यात उघडीप पडली, काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला किंवा माल बाजारात नेतेवेळी भाव कोसळले, म्हणजे हिशेबी व कष्टाळू शेतकऱ्याचेही गणित चुकते. एक साल चुकले तर ते पुढील सालात भरून निघते. परंतु लागोपाठ दोन-तीन साले तशीच गेली, म्हणजे सोसायटीचे भरण्यासाठी सावकाराचे, आणि सावकाराचे भरण्यासाठी नातेवाइकांचे, असे घेणे सुरू होते. शेवटी अशी वेळ येते की, घरचे सारे उत्पन्न घातले तरी देणे फिटण्याची शक्यता उरत नाही. या स्थितीस नादारी म्हणतात.

नादारीत आलेल्या शेतकऱ्यापुढे पैशाच्या प्रश्नाइतकाच अवघड असा दुसरा प्रश्न उभा राहतो. ही गोष्ट सांगावी कोणास? कित्येकजण अब्रूच्या भीतीने ती घरातही सांगत नाहीत व एकट्यानेच ओझे वाहतात. काहीजण त्याच्या उलट करतात. मन मोकळे करण्यासाठी ते भेटेल त्यास सांगतात आणि मग गावभर चर्चा होऊन नाहक मानहानी पदरी येते. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. कोणास, केव्हा व किती सांगावे यास काही रीत आहे, आणि तीच या पाठात समजावून घ्यावयाची आहे.

दोन कसोट्या

कोणाही माणसाबद्दल निर्णय करताना पुढील दोन प्रश्न विचारावेत.

(१) आपले कर्ज न फिटल्याने या माणसाचे नुकसान होणार आहे काय? 
(२) आपले नुकसान कमी करण्याचा काही उपाय या माणसाच्या हाती आहे काय?

दोहोंपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी 'होय' असे आले, तरी त्या माणसास सांगितले पाहिजे, व तेही वेळेवर. दोन्ही उत्तरे 'नाही' अशी असतील, तर त्यास सांगण्याचे कारण नाही. न सांगणे ही तेथे लबाडी नव्हे. पुढे जो विचार केला आहे, तो सर्व या दोन कसोट्यांवरच आधारलेला आहे.

प्रथम कर्जाचा कागद करावा

दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आकडा स्वतःस ठाऊक असला पाहिजे. 'बरेच देणे झाले आहे' असे म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे होय. एका कागदावर प्रत्येक देण्याचा तपशील लिहावा: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, भरण्याची तारीख कोणती, जामीन कोण, तारण काय.

उदाहरणादाखल, समजा एका शेतकऱ्याकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे व त्यावर पुढीलप्रमाणे देणे आहे.

विकास सोसायटीचे पीक कर्ज : १,६०,००० रुपये 
बँकेचे मुदती कर्ज : २,४०,००० रुपये (वार्षिक हप्ता ६०,०००) 
कृषी सेवा केंद्राची उधारी : ५५,००० रुपये 
सावकाराचे, दरमहा शेकडा ३ दराने : १,००,००० रुपये 
पत्नीच्या नावे बचत गटाचे : ४०,००० रुपये (वार्षिक हप्ते २४,०००) 
मेहुण्याकडून हातउसने : ६०,००० रुपये 
एकूण : ६,५५,००० रुपये

आता या सालात प्रत्यक्ष भरावयाचे किती, ते पाहावे. पीक कर्ज १,६०,०००, बँकेचा हप्ता ६०,०००, उधारी ५५,०००, सावकाराचे नुसते व्याज ३६,००० व गटाचे हप्ते २४,००० मिळून ३,३५,००० रुपये होतात. घरखर्च वजा जाता हाती १,२०,००० रुपये उरत असतील, तर २,१५,००० रुपयांची तूट आहे. मेहुण्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

पीक कर्ज भरले की नवीन उचलता येते, म्हणून तूट खरी नाही असे कित्येकांस वाटते. परंतु 'नवे-जुने' करण्यासाठी आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. ती आठ-पंधरा दिवसांपुरती जबर व्याजाने आणली जाते, व प्रत्येक नव्या-जुन्यागणिक देणे वाढत जाते. कागदावर आकडे मांडले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट दिसते. एका सालाची अडचण कोणती व नादारी कोणती, हे ओळखण्याचे साधन हा कागदच होय.

हिशेब ठाऊक असण्याचे महत्त्व महाराष्ट्रास नवे नाही. १८७५ साली मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्यांत सावकारांकडील खते जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्यात शेतकऱ्यांच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. शिवाय भरलेल्या रकमेची पावती व देण्याचा वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही त्याने शेतकऱ्यास दिला. खत जाळून देणे मिटत नाही, हिशेब हाती असल्यानेच तोड निघते, हा त्या इतिहासाचा बोध आहे.

घरातील माणसे

कागद तयार झाला म्हणजे तो सर्वप्रथम पत्नीस, किंवा कर्ज पत्नीच्या नावे असल्यास पतीस, दाखवावा. आईवडील व कर्ती मुले एकत्र असतील, तर त्यांनाही बसवून सांगावे. घरच्यांच्या बाबतीत दोन्ही कसोट्यांची उत्तरे 'होय' अशी येतात. नुकसान त्यांचेच होणार असते, आणि खर्च आवरणे, गहाण दागिन्यांचा विचार करणे, जोडधंदा पाहणे हे उपायही त्यांच्याच हाती असतात.

घरात न सांगितल्याने काय होते? खर्च पूर्वीच्याच प्रमाणात चालू राहतो. मुलीच्या लग्नाची बोलणी ऐपतीबाहेर होतात. पत्नी गटाचे नवे कर्ज घेते व ते जुन्या खड्ड्यात जाते. त्याहूनही मोठा धोका पुढचा आहे. कर्त्या पुरुषाचे काही बरेवाईट झाले, तर दारी येणाऱ्या घेणेकऱ्यांपैकी खरा कोण व खोटा कोण, हे मागे राहिलेल्या बाईस कळत नाही. कायद्याप्रमाणे वारसाची जबाबदारी मृताकडून वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर केवळ पुत्रधर्म म्हणून वडिलांचे नवे कर्ज मुलाकडून वसूल करता येत नाही. परंतु या संरक्षणाचा उपयोग करावयाचा, तर कोणते कर्ज कोणी, कशासाठी व कोणाच्या सहीने घेतले, हे घरच्यांस ठाऊक असावयास हवे. यास्तव कर्जाच्या कागदाची एक प्रत घरातील पेटीत ठेवावी.

लहान मुलांस आकडे सांगण्याची गरज नाही. 'यंदा हात आखडून चालावयाचे आहे' एवढे त्यांना पुरे. घरातील कुजबुज मुलांच्या कानी पडून त्यांनी मनात भलतेच भय धरण्यापेक्षा हे बरे.

जामीनदार

घरच्यांनंतर लगेच जामीनदाराचा क्रम लागतो. याच ठिकाणी सर्वांत अधिक चूक होते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा व मग माझ्याकडे या, असे त्यास सहसा म्हणता येत नाही. ज्या माणसाने विश्वासाने सही केली, त्यास बँकेच्या नोटिशीवरून बातमी कळावी, यासारखी मैत्री तोडणारी दुसरी गोष्ट नाही.

जामीनदाराच्या घरी स्वतः जावे. निरोप पाठवू नये, व चारचौघांत बोलू नये. सरळ शब्दांत सांगावे: "अण्णा, तुम्ही माझ्या कर्जाला जामीन आहात. यंदाचा साठ हजारांचा हप्ता माझ्याच्याने भरला जाणार नाही. नोटीस तुम्हालाही येईल. त्याआधी तुमच्या कानावर घालावे म्हणून आलो. मुदत वाढवून मागण्यासाठी मी सोमवारी बँकेत जाणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरे होईल." अशा बोलण्याने राग टळेलच असे नाही, पण फसवणुकीचा ठपका टळतो. पुढे जामीनदारास रक्कम भरावी लागली, तर ती कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्यास असतो. हेही त्यास मोकळेपणाने सांगावे.

बँक व सोसायटी

बँकेस टाळण्याकडे बहुतेकांचा कल असतो. फोन उचलावयाचा नाही, शाखाधिकारी दिसला तर वाट बदलावयाची, असे चालते. परंतु मुदत वाढविण्याचा, हप्ते पाडून देण्याचा किंवा तडजोडीचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो घेणेकरी हाच होय. शिवाय कर्ज ही गोष्ट त्यास नवीन नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंदलेला असतो, व तो उतारा कोणासही पाहता येतो. जे कागदावर उघड आहे, ते लपविण्यात श्रम व्यर्थ जातात.

येथे वेळेचे महत्त्व फार आहे. नैसर्गिक आपत्तीनंतर द्यावयाच्या सवलतींबद्दल रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांस २०१८ साली जे निर्देश दिले, त्यांत पीकनुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास अल्प मुदतीच्या कर्जाची फेड कमाल २ वर्षांत, व ५० टक्के किंवा अधिक असल्यास कमाल ५ वर्षांत करण्याची तरतूद होती. दोन्हींत पहिल्या वर्षी वसुली थांबविण्याची सोय होती. परंतु आपत्तीच्या वेळी जे कर्ज आधीच थकलेले असेल, ते या पुनर्गठनास पात्र धरलेले नव्हते. म्हणजे जो थकण्यापूर्वी बोलला त्यास वाट होती, व जो थकल्यावर बोलला त्याची वाट अरुंद झाली. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतो. यास्तव चालू नियम कोणता, हे शाखेतच विचारून घ्यावे.

बँकांच्या रीतीप्रमाणे अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकले, किंवा दीर्घ मुदतीच्या पिकांचे एक हंगाम थकले, म्हणजे ते खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर नवे कर्ज मिळणे कठीण जाते. म्हणून भरण्याची तारीख उलटण्यापूर्वीच अर्ज द्यावा. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्याचा नमुना पुढे दिला आहे.

*मा. शाखाधिकारी यांस, 
माझे खाते क्रमांक ...... वर रुपये ...... इतके कर्ज येणे आहे. ते भरण्याची तारीख ...... आहे. चालू हंगामात ...... या पिकाचे ...... या कारणाने नुकसान झाले असून पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. माझी इतर देणी रुपये ...... आहेत. घरखर्च वजा जाता मी या सालात रुपये ...... भरू शकतो. उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून मिळावेत व नियमाप्रमाणे मिळणारी सवलत कळवावी, ही विनंती. 
दिनांक, सही, पत्ता*

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात व एकीवर शाखेची तारखेसह पोच घ्यावी. जेवढे भरणे शक्य आहे तेवढाच आकडा लिहावा. भिडेपोटी मोठा आकडा कबूल करून तो चुकविला, तर पुढील शब्दास किंमत राहत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. मुदत संपण्यापूर्वी कर्जाची लेखी कबुली दिली, म्हणजे १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. बँकेच्या चालू कर्जाबाबत याने बिघडत नाही. परंतु जुन्या व वादग्रस्त खाजगी देण्याबद्दल लिहून देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कर्जमाफी होईल म्हणून गप्प बसणे हा शहाणपणा नव्हे. २०१७ व २०१९ साली महाराष्ट्रात ज्या योजना झाल्या, त्यांस रकमेची व तारखांची मर्यादा होती. सावकाराचे, दुकानदाराचे व नातेवाइकांचे देणे त्यांत बसत नव्हते. वरील उदाहरणातील शेतकऱ्याची यादी पाहिल्यास त्याच्या देण्याचा केवढा भाग अशा योजनेबाहेर राहतो, हे कळून येईल.

दुकानदार, आडत्या, गट व मजूर

कृषी सेवा केंद्राच्या चालकाने उधारीवर माल दिला, तो त्यानेही पुष्कळदा पुढच्या व्यापाऱ्याकडून उधारच आणलेला असतो. त्यास हंगाम संपण्यापूर्वी सांगावे व थोडी तरी रक्कम द्यावी. आडत्याकडून उचल घेतली असेल, तर माल दुसरीकडे नेऊन घालण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे.

बचत गटाची गोष्ट अधिक नाजूक आहे. एकीचा हप्ता चुकला म्हणजे त्याचा भार गटातील इतर भगिनींवर पडतो, व गटाची पतही जाते. म्हणून गटाच्या अध्यक्षा व सचिव यांना पत्नीने स्वतः, बैठकीपूर्वी व एकान्तात सांगावे.

मजुरांच्या बाबतीत तर सांगण्यापेक्षा देणे महत्त्वाचे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याचे थकवून दुसऱ्याचे भागविणे न्यायाचे नाही. येत्या हंगामात मजुरी वेळेवर देता येणार नसेल, तर कामास बोलावण्यापूर्वीच तसे सांगावे.

खाजगी सावकार

सावकारास सांगताना सावधगिरी हवी. घाबरलेल्या माणसाकडून कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या, कोरे धनादेश किंवा जमिनीचे खरेदीखत करून घेण्याची हीच वेळ असते. म्हणून सावकाराकडे एकट्याने जाऊ नये. घरातील एक जाणते माणूस बरोबर असावे. काहीही लिहून देऊ नये, व आजवर भरलेल्या रकमेचा हिशेब मागावा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याबद्दल तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अथवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांचेकडे तक्रार करता येते. अवैध सावकारीत गेलेली जमीन चौकशीअंती परत देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. दुसऱ्या कसोटीप्रमाणे पाहिल्यास, अशा प्रसंगी सावकाराच्या आधी निबंधकास सांगणे हिताचे ठरते.

सोयरीक

मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरत असताना कर्ज लपविण्याचा मोह फार होतो. घरातील मुलीचे लग्न असेल, तर वरपक्षास देण्याचा सर्व तपशील सांगण्याचे कारण नाही. 'आमच्याकडून लग्न साधेपणाने होईल, आम्हांस खर्च झेपणार नाही' एवढे स्पष्ट सांगावे. अब्रू राखण्यासाठी नवे कर्ज काढून मांडव घालणे हे मात्र सर्वथा टाळावे.

घरात सून येणार असेल, तर गोष्ट निराळी आहे. ती मुलगी या घरची होणार व घरच्या ओढाताणीची वाटेकरीण होणार. पहिल्या कसोटीचे उत्तर येथे निःसंशय 'होय' असे आहे. जमिनीवर बोजा किती आहे, हे तिच्या वडिलांस शब्द देण्यापूर्वी सांगावे. त्यामुळे एखादी सोयरीक मोडेलही. परंतु जी लपवून जुळते, ती पुढे कळल्यावर घरातच कायमचा सल होऊन राहते.

ज्यांना सांगण्याचे कारण नाही

पारावर बसणारे, बाजारात भेटणारे, लांबचे भाऊबंद व सहज चौकशी करणारे, यांच्या बाबतीत दोन्ही उत्तरे 'नाही' अशी येतात. त्यांनी विचारलेच, तर 'अडचण आहे, बँकेशी बोलणे चालू आहे' एवढे पुरे. खोटे बोलावे लागत नाही व तपशीलही द्यावा लागत नाही.

बँकेच्या वतीने वसुलीस येणाऱ्यांनीही बातमी गावभर करावयाची नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करणे, कर्जदाराची चारचौघांत मानहानी करणे, किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ करणे यांस मनाई आहे. असा प्रकार घडल्यास तारीख व वेळ लिहून ठेवावी व बँकेकडे लेखी तक्रार करावी.

कायद्याने सांगणे भाग आहे असे प्रसंग

शेतकरी नादारीसाठी न्यायालयात क्वचितच जातो. तरी कायदा काय म्हणतो ते ठाऊक असावे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. इतर व्यक्तींसाठी ग्रामीण भागात १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. या मार्गात गुप्तता राहत नाही. सर्व घेणेकऱ्यांची व सर्व मालमत्तेची यादी द्यावी लागते, घेणेकऱ्यांस नोटीस जाते, व नादार ठरविल्याचा हुकूम शासकीय राजपत्रात छापला जातो. नादार ठरलेल्यास स्थानिक संस्थेचे सभासदही होता येत नाही.

या कायद्यातील तीन गोष्टी न्यायालयात न जाणाऱ्यानेही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली: नादार ठरलेला माणूस मुक्त होण्यापूर्वी ५० रुपये किंवा अधिक उधार घेत असेल, तर आपण नादार असल्याचे त्याने सांगितलेच पाहिजे. न सांगणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. न्यायालयाचा हुकूम नसलेल्यानेही हेच तत्त्व पाळावे. देणे फिटणार नाही हे ठाऊक असताना ते लपवून नवी उधारी घेणे ही अडचण नव्हे, फसवणूक होय.

दुसरी: एका घेणेकऱ्यास झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेली फेड रद्द ठरू शकते. तसेच योग्य मोबदल्याशिवाय दोन वर्षांच्या आत केलेले हस्तांतरही टिकत नाही. 'जमीन तूर्त मेहुण्याच्या नावे करून ठेव' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला घातक आहे.

तिसरी: सर्वस्व जप्त होते ही समजूत चुकीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची शेतीची अवजारे, उपजीविकेस लागणारी जनावरे व बियाणे, त्याचे राहते घर, आवश्यक कपडे, भांडी व अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही. गहाण दिलेल्या मालमत्तेची गोष्ट मात्र वेगळी आहे. बँकांना न्यायालयाबाहेर तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्याने मिळाला, तो शेतजमिनीस लागू नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, आपत्तिग्रस्त व अल्प उत्पन्न असलेले यांस तेथे विनामूल्य साहाय्य मिळते. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. लोकअदालतीत उभयपक्षी तडजोड झाल्यास तो निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. म्हणून हप्ते झेपतील याची खात्री करूनच सही करावी.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

शेतकरी पुष्कळदा ही गोष्ट प्रथम गावपातळीवरील कार्यकर्त्यासच, बियाणे किंवा फवारणीची चौकशी करता करता, आडवळणाने सांगतो. अशा वेळी पुढील पथ्ये पाळावीत.

(१) ऐकलेली गोष्ट ग्रामसभेत, बैठकीत किंवा कार्यालयात बोलू नये. थकबाकीदारांची नावे उदाहरण म्हणूनही घेऊ नयेत. 
(२) चूक कोणाची, याची चर्चा करू नये. कर्जाचा कागद करण्यास व अर्ज लिहिण्यास मदत करावी. 
(३) पंचनामा, पैसेवारी व पीक विमा यांचे कागद मिळवून द्यावेत. 
(४) माफीचे किंवा नव्या कर्जाचे आश्वासन देऊ नये. 
(५) शेतकरी अबोल झाला, झोप-जेवण सुटले, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. घरच्यांस तेव्हाच सांगावे, कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावयास लावावी, व आरोग्य केंद्रात घेऊन जावे. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो.

पहिले पथ्य व पाचवे पथ्य यांत विरोध नाही. गुप्तता माणसाच्या हितासाठी आहे. जिवावर बेतल्यास गुप्ततेपेक्षा जीव मोठा.

सारांश

नादारी ही लाज वाटावी अशी वागणूक नव्हे. ती हिशेबाची एक स्थिती आहे. ज्यांचे नुकसान होणार त्यांना आधी सांगावे, ज्यांच्या हाती उपाय आहे त्यांना लेखी सांगावे, व इतरांस सांगू नये. घर, जामीनदार, बँक व सोसायटी, उधारी देणारे, असा क्रम ठेवावा. आणि काहीही झाले तरी लपवून नवे कर्ज घेऊ नये. गेलेले पीक पुढील मोसमात पुन्हा उभे करता येते. एकदा उडालेला शब्दाचा विश्वास उभा करण्यास मात्र अनेक मोसम लागतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. पाठातील उदाहरणात दिलेल्या शेतकऱ्याने मेहुण्यास केव्हा व किती सांगावे? कारणे द्या. 
२. जामीनदार परगावी राहतो व त्याची प्रकृती बरी नाही. त्यास कसे कळवावे? 
३. शेजारचा शेतकरी थकबाकीत आहे हे ठाऊक असताना तो तुमच्याकडे हातउसने मागतो. तुम्ही त्यास काय विचाराल? 
४. तुमच्या गावच्या सोसायटीत पीक कर्जाची चालू सालची भरण्याची तारीख कोणती आहे? ती उलटण्यापूर्वी किती दिवस आधी अर्ज द्यावा असे तुम्हांस वाटते?